इलेक्ट्रिक युनिसायकलवर जादा दिवे बसवताना

इलेक्ट्रिक युनिसायकल, म्हणजे उभ्याने चालवायचे विजेवरचे एकचाकी वाहन, चालवणाऱ्यांच्या बोलण्यातली ‘ईयूसी’ किंवा नुसते ‘चाक’, उभी असो वा धावती, तिचा पुढचा-मागचा तोल केवळ विजेवर टिकतो. आतला जायरोस्कोप आणि प्रवेगमापक चाकाचा कल सतत मोजत असतात, कंट्रोलर त्या मापावरून मोटरला कमी-अधिक वीज देतो आणि चाक पुन्हा स्वाराच्या पायांखाली आणतो. साध्या सायकलच्या दिव्यातली बॅटरी संपली तर फक्त अंधार होतो. ईयूसीची वीज धावताना तुटली तर स्वार त्याच क्षणी पुढे आदळतो. त्यामुळे या वाहनावर काहीही जोडण्यापूर्वी तोल सांभाळणाऱ्या विजेला त्या वस्तूमुळे कोठे बाधा येऊ शकते, हे आधी पाहावे लागते आणि उजेडाचा विचार त्यानंतर येतो. पुढे जिथे आकडेमोड आहे तिथे किंगसाँग १६एक्स हे ८४ व्होल्टचे, १५५४ वॅट-तास क्षमतेचे चाक उदाहरण म्हणून धरले आहे. इनमोशन, बिगोड किंवा व्हेटरन यांच्या चाकांवर आकडे बदलतील, पण विचाराची दिशा तीच राहील.

मूळचा दिवा कोठे कमी पडतो

ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारे चाक सेकंदाला सुमारे ८.३ मीटर अंतर तोडते. खड्डा दिसल्यापासून वेग कमी करण्यासाठी शरीर मागे कलू लागेपर्यंत दीड सेकंद गेला, तर तेवढ्यात साडेबारा मीटर मागे पडतात. त्यानंतर बऱ्यापैकी जोराने वेग कमी केला तरी आणखी ११-१२ मीटर लागतात. म्हणजे या वेगाला किमान २५ मीटर पुढचा रस्ता स्पष्ट दिसायला हवा. पावसाळ्यानंतरचे रस्ते आणि पांढरे पट्टे पुसले गेलेले गतिरोधक ज्यांच्या रोजच्या वाटेवर आहेत, त्यांना हे अंतर जास्त वाटणार नाही.

कंपनीने दिलेला दिवा अनेकदा पुरेसा प्रखर असतो. अडचण असते ती तो चाकाच्या कवचालाच जोडलेला असण्याची. वेग घेताना कवच पुढे झुकते आणि त्याबरोबर झोतही खाली जातो. जमिनीपासून अर्धा मीटर उंचीवरचा दिवा २५ मीटरवर टेकेल असा लावला आणि चाक केवळ ५ अंश पुढे झुकले, तर तोच झोत साडेचार मीटरवर येऊन टेकतो. उलट वेग कमी करताना चाक ५ अंश मागे कलले की झोत वर उठतो आणि दहा मीटरवर त्याची उंची जवळजवळ १.२ मीटर होते, म्हणजे समोरून येणाऱ्या मोटारीतल्या चालकाच्या डोळ्यांपर्यंत पोहोचते. पेडलचा, म्हणजे पाय ठेवायच्या पट्ट्यांचा, कडकपणा अॅपमधून वाढवला तर हा झोका कमी होतो, पण पूर्ण जात नाही. अधिक वॅटचा दिवा लावून हा दोष सुटत नाही, हे नीट समजून घेतले की पुष्कळ खर्च वाचतो.

यावर उपाय म्हणजे दोन उंचींवर दोन दिवे. एक खाली चाकावर, कारण जमिनीलगतचा तिरपा झोत खड्ड्यांच्या कडांच्या लांब सावल्या पाडतो आणि रस्त्याची खोली त्यातूनच कळते. दुसरा हेल्मेटवर, कारण तो चाकाच्या कलाबरोबर वरखाली होत नाही आणि मान वळेल तिकडे उजेड टाकतो. हेल्मेटवरचा दिवा हलका असावा आणि रबरी पट्ट्याने किंवा वेल्क्रोने असा बांधावा की पडल्यावर तो सहज सुटून जाईल. हेल्मेटला भोक पाडणे किंवा त्यावर धातूची पट्टी स्क्रूने बसवणे सर्वथा टाळावे. आदळताना तीच वस्तू डोक्यावर दाब आणते. समोरून कोणी येत असताना मान किंचित खाली करण्याची सवयही लावून घ्यावी.

चाकावर लावण्यासाठी टॉर्चसारखा गोल झोत टाकणारा दिवा घेऊ नये. सायकलसाठी बनवलेले काही दिवे वरच्या बाजूला झोत सरळ रेषेत कापतात. जर्मनीच्या एसटीव्हीझेडओ नियमांना धरून बनवलेल्या सायकलदिव्यांत ही सोय हमखास असते. असा दिवा थोडा महाग पडतो, पण त्याचा जवळपास सगळा उजेड रस्त्यावर पडतो आणि समोरच्याचे डोळे दिपत नाहीत.

वीज कोठून घ्यावी

माझे मत स्पष्ट आहे: दिव्याची बॅटरी वेगळी असावी. स्वतःचा सेल असलेला सायकलदिवा किंवा पॉवर बँकेवर चालणारा ५ व्होल्टचा दिवा यांत बिघाड झाला तरी मोटरच्या विजेला त्याची झळ लागत नाही. १०,००० एमएएचच्या पॉवर बँकेत सुमारे ३७ वॅट-तास ऊर्जा असते. रूपांतरातली तूट वजा केली तरी ५ वॅटचा दिवा तिच्यावर सहा तासांच्या आसपास चालतो, आणि शहरातल्या कोणत्याही रात्रीच्या फेरीला एवढे पुरते. एक बारकावा मात्र लक्षात ठेवावा. अनेक पॉवर बँका फार थोडी वीज ओढली जात असेल तर ‘फोन चार्ज झाला’ असे समजून आपोआप बंद होतात, आणि नुसता मागचा लहान लाल दिवा जोडला असेल तर तो वाटेत विझतो. म्हणून विकत घेण्यापूर्वी तोच दिवा जोडून पॉवर बँक अर्धा तास चालवून पाहावी, किंवा पुढचा व मागचा दिवा एकाच बँकेवर ठेवावा. पॉवर बँक हँडलजवळच्या छोट्या पिशवीत बसवावी. कवचाच्या आत, मोटरच्या तारांजवळ किंवा उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या पंखांजवळ ती ठेवू नये. चाक पडले की जो भाग आधी जमिनीला लागतो तिथेही नको.

चाकावर यूएसबीचे तोंड असेल तर तो दुसरा पर्याय होय. त्यासाठीचा कन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीचे व्होल्ट कमी करणारे उपकरण, कंपनीने आतच बसवलेला असतो, त्यामुळे पुस्तिकेत दिलेल्या अँपिअरच्या मर्यादेत राहून त्यावर दिवा चालवण्यास हरकत नाही. पावसात मात्र ते तोंड उघडे राहते, आणि पाण्याला आत शिरायला मिळणारी ती सर्वांत सोपी वाट असते.

तिसरा मार्ग म्हणजे मुख्य बॅटरीतून थेट वीज घेणे. मी तो सुचवत नाही, आणि हमी त्याच दिवशी संपते हेही सांगून ठेवतो. तरीही हे काम करणारे करतातच, आणि अर्धवट माहितीवर केलेले काम सर्वांत घातक असते, म्हणून येथे जरा सविस्तर लिहीत आहे.

लिथियम-आयन सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टवर असतो. असे २० सेल ओळीने जोडले की ८४ व्होल्ट होतात, २४ जोडले की १००.८ आणि ३० जोडले की १२६. डीसी विजेत ६० व्होल्टच्या वरचा दाब अनेक सुरक्षा मानकांत धोक्याच्या वर्गात धरला जातो, त्यामुळे हे मोटारसायकलच्या १२ व्होल्टच्या वायरिंगसारखे काम मुळीच नाही. हा दाब १२ किंवा ५ व्होल्टवर आणणारा बक कन्व्हर्टर निवडताना ‘इनपुट ८४ व्होल्टपर्यंत’ असे छापलेला घेऊ नये. पूर्ण भरलेल्या बॅटरीवर उतारावरून येताना मोटर वीज परत पाठवते आणि दाब ८४ च्याही वर चढतो. ८४ व्होल्टच्या चाकाला किमान १२० व्होल्ट इनपुट सहन करणारा कन्व्हर्टर हवा.

फ्यूजच्या बाबतीत होणारी गफलत तर मला सर्वांत गंभीर वाटते. मोटारींच्या दुकानात मिळणारा रंगीत पात्याचा फ्यूज सामान्यतः ३२ व्होल्टसाठी बनवलेला असतो. ८४ व्होल्ट डीसीवर तो वितळला तरी त्याच्या दोन टोकांमध्ये ठिणगीची कमान पेटती राहू शकते, कारण डीसीत एसीप्रमाणे प्रवाह क्षणोक्षणी शून्यावर येत नाही. त्यामुळे फ्यूजवर त्याचा डीसी व्होल्टेज छापलेला पाहावा आणि तो चाकाच्या पूर्ण दाबापेक्षा जास्त असल्याची खात्री करावी. १० वॅटचा दिवा ८४ व्होल्टच्या बाजूने, कन्व्हर्टरची तूट धरूनही, जेमतेम ०.१३ अँपिअर ओढतो. तेव्हा १ अँपिअरचा फ्यूज भरपूर झाला. तो जोड घेतलेल्या जागेपासून काही सेंटिमीटरच्या आत असावा. फ्यूजच्या अलीकडची तार घासून उघडी पडली तर तिचे रक्षण करायला काहीही उरत नाही.

बटणालाही हाच न्याय लागू होतो. २५० व्होल्ट एसी लिहिलेले छोटे बटण ८४ व्होल्ट डीसी सुरक्षितपणे तोडेलच असे नाही, म्हणून ते १२ व्होल्टच्या बाजूला बसवावे. मात्र मग दिवा बंद असतानाही कन्व्हर्टर जागाच राहतो. तो नुसते १० मिलिअँपिअर ओढत असला तरी ८४ व्होल्टवर दिवसाला सुमारे २० वॅट-तास जातात, महिन्याला सहाशे, आणि १६एक्सची पूर्ण भरलेली बॅटरी अडीच महिन्यांत तळाला जाते. पावसाळाभर घरात उभे ठेवलेले चाक असेच मरते. इतके खोल उतरलेले सेल पुन्हा चार्ज करणे धोक्याचे असते. यासाठी फ्यूजनंतर हाताने सोडता येणारा, दोन्ही टोके झाकलेली असणारा कनेक्टर ठेवावा आणि चाक काही दिवस वापरायचे नसेल तेव्हा तो काढून ठेवावा.

आणखी एक युक्ती कधीकधी सुचवली जाते: वीस सेलांपैकी खालच्या तीन सेलांवरून थेट १२ व्होल्ट घ्यायचे, म्हणजे कन्व्हर्टरच नको. हे कदापि करू नये. ते तीन सेल बाकीच्यांपेक्षा लवकर उतरतात, संपूर्ण साखळीचा समतोल बिघडतो, आणि चढावर मोटरने जोर मागितला की नेमके तेच सेल आधी कोसळतात. अॅपमध्ये दिसणारा एकूण दाब तोपर्यंत ठीकच दिसत असतो.

कवच उघडताना चाक बंद असावे आणि हातातली अंगठी, घड्याळ, कडे काढून ठेवावे. बॅटरीचा कनेक्टर सुटताच त्याच्या तोंडावर विद्युतरोधक टेप लावावी. कंट्रोलरवरचे कपॅसिटर बॅटरी काढल्यानंतरही काही वेळ भारित राहतात, म्हणून मल्टिमीटरने दाब उतरल्याची खात्री झाल्याशिवाय बोर्डाला हात लावू नये. तारा कोणत्या खाचेतून गेल्या आहेत, याचे फोटो आधीच काढून ठेवावेत. मोटरच्या तीन जाड तारा आणि त्यांच्या सोबतच्या बारीक सेन्सर-तारा यांवर नवी तार बांधू नये. त्या गरम होतात, आणि सेन्सरची एक तार तुटली तरी मोटर आपली जागा ओळखू शकत नाही. सोल्डरिंगचा सराव नसेल तर हे काम शिकण्याची जागा स्वतःचे चाक नव्हे. सुटे भाग पुण्यात बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या परिसरात आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडवर मिळतात. तिथल्या दुकानदारासमोर ‘१२० व्होल्ट इनपुट’ आणि ‘डीसी फ्यूज’ हे शब्द ठामपणे उच्चारावेत, नाहीतर ४८ व्होल्टचा माल हातात पडतो.

मागून आणि बाजूने दिसणे

ईयूसीचा स्वार ताठ उभा असतो आणि त्याचे पाय हलत नाहीत. सायकलवाल्याचे घोटे वरखाली होताना मागच्या वाहनचालकाला ‘ही सायकल’ असे चटकन कळते. इथे मात्र अंधारात फक्त उभी माणसाची आकृती दिसते, आणि तो तिला चालण्याच्या वेगाची समजून बसतो. प्रत्यक्षात ती ताशी ३० किलोमीटरने जात असते. चौकात बाजूने येणाऱ्याचा अंदाज चुकतो तो यामुळेच. म्हणून आपण वाहन आहोत हे दिव्यांच्या मांडणीतून सांगावे लागते: मागे खाली चाकावर एक लाल दिवा, वर पाठीवरच्या पिशवीवर किंवा हेल्मेटवर दुसरा लाल, आणि दोन्ही बाजूंना काहीतरी चमकणारे. मागच्या दिव्यांपैकी किमान एक सतत पेटता असावा, कारण केवळ लुकलुकणाऱ्या दिव्याचे अंतर डोळ्याला नीट जोखता येत नाही.

बहुतेक चाकांचा मूळचा मागचा दिवा वेग कमी करताना अधिक प्रखर होतो किंवा लुकलुकतो. पिशवी, मडगार्ड किंवा नवे कव्हर त्याच्यावर येणार नाही याची काळजी घ्यावी. वेग मंदावल्याचे स्वतः ओळखणारे सायकलचे मागचे दिवे बाजारात आहेत, पण ते चाकावर लावले तर चाकाच्या कलामुळे त्यांचा अंदाज चुकू शकतो. असा दिवा पाठीवरच्या पिशवीवर लावून, मागे कोणाला तरी उभे करून, आधी तपासून घ्यावा. वळणाचे पिवळे दिवे असलेली आणि मनगटावरच्या बटणाने चालणारी पिशवी उपयोगी पडते. ईयूसीवर हात मोकळे असल्याने हातानेही वळण दाखवावे.

बाजूंसाठी परावर्तक पट्टी हा सर्वांत स्वस्त आणि कधीही न बिघडणारा उपाय आहे, आणि एलईडीच्या आधी तीच लावावी. त्यानंतर हौस म्हणून रंग बदलणारी एलईडी पट्टी लावायची असेल तर डब्ल्यूएस२८१२बी जातीची ५ व्होल्टची पट्टी सोयीची. तिचा प्रत्येक एलईडी पूर्ण पांढऱ्या उजेडात ६० मिलिअँपिअरपर्यंत ओढतो. मीटरला ३० एलईडी असलेल्या पट्टीला १.८ अँपिअर, म्हणजे ९ वॅट लागतात. पॉवर बँकेचे तोंड २ अँपिअरचे असेल तर दोन्ही बाजू पूर्ण तेजाने पेटवता येणार नाहीत. ईएसपी३२ या छोट्या नियंत्रक बोर्डावर डब्ल्यूएलईडी ही मुक्त प्रणाली टाकली तर तीत एकूण प्रवाहाची मर्यादा घालता येते, ती घालावीच. पट्टीच्या सुरुवातीला वीजवाहिन्यांवर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि डेटाच्या तारेत ३०० ते ५०० ओहमचा रेझिस्टर जोडला की पहिला एलईडी जळण्याचा प्रकार टळतो. पट्टी चिकटवण्याआधी कवच आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि वळणाच्या जागी केवळ गोंदावर विसंबून न राहता पट्टी क्लिपने धरावी. टायर आणि कवच यांच्यामधल्या फटीतून किंवा तिच्या जवळून एकही तार नेऊ नये. सुटलेली तार टायरने ओढून घेतली तर चाक जागीच अडकते, आणि त्यानंतर स्वाराला सावरायला वेळ नसतो.

रंगांच्या बाबतीत पुढे पांढरा, मागे लाल, बाजूला पिवळा हा क्रम मोडू नये. लाल-निळा लुकलुकता झोत पोलीस आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी आहे; तो खासगी चाकावर लावणे बेकायदा तर आहेच, शिवाय रस्त्यावरच्या इतरांची फसवणूकही आहे.

इतर फेरफार

पायांचे पॅड ही दिव्यांनंतरची सर्वांत उपयोगी भर आहे. पोटरीच्या पुढे टेकणारा भाग वेग घ्यायला आणि मागचा भाग थांबायला मदत करतो. ते प्रथम वेल्क्रोने लावून मोकळ्या मैदानावर चालवून पाहावे आणि जागा ठरल्यावरच पक्के करावे. पाय झटकन बाहेर काढता येत नसेल इतके घट्ट पॅड नकोत. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पॅडमुळे थोड्या श्रमात मोटरकडून पुष्कळ जोर मागता येतो, आणि मोटरची मर्यादा ओलांडली की चाक तोल सोडते. म्हणून पॅड लावल्यावर वेगाची सूचना देणारे बीप आणि टिल्टबॅक (मर्यादेजवळ पेडल मागे कलवून वेग रोखण्याची सोय) बंद करण्याचा मोह आवरावा.

पाऊस अडवण्यासाठी सांध्यांना सिलिकॉन लावताना तो व्हिनेगरसारख्या वासाचा नसावा. त्या जातीचे सिलिकॉन सुकताना अॅसेटिक आम्ल सोडते आणि तांब्याचे जोड गंजवते; न्यूट्रल क्युअर लिहिलेले घ्यावे. उष्णता बाहेर टाकणारे धातूचे पंख आणि हवेची छिद्रे मात्र बुजवू नयेत. फोमचे संरक्षक कव्हर चढवतानाही हीच काळजी घ्यावी. धातूच्या स्क्रूंना सुटे होऊ नयेत म्हणून थ्रेडलॉक (आटे पकडून ठेवणारा गोंद) लावता येते, पण प्लास्टिकच्या कवचात जाणाऱ्या स्क्रूंना ते लावू नये. काही प्लास्टिकना त्यामुळे तडे जातात. हँडलवर कॅमेरा किंवा दिव्याची पकड बसवण्याआधी हँडलखाली मोटर बंद करणारे बटण आहे का ते पाहावे, आणि पकड कितीही सरकली तरी त्यावर दाबली जाणार नाही अशा जागी ती लावावी.

कायद्याचे काय

भारतातील केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार २५० वॅटपेक्षा कमी शक्तीची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग या मर्यादेतले बॅटरीचे वाहन मोटार वाहन मानले जात नाही. आजची बहुतेक ईयूसी या मर्यादेच्या कितीतरी पुढे आहेत, आणि दिवे लावल्याने त्या स्थितीत फरक पडत नाही. परदेशात राहणाऱ्यांनी तिथले नियम पाहूनच स्क्रू उघडावा. फ्रान्समध्ये २०१९ च्या नियमांनी अशा वाहनांना पुढचा-मागचा दिवा सक्तीचा केला; जर्मनीने त्याच वर्षी छोट्या विद्युत वाहनांना वाट मोकळी केली, पण हँडलचा दांडा आवश्यक ठरवल्याने ईयूसी त्यातून बाहेर राहिली.

काम झाल्यावरची तपासणी

सर्व जोडून झाल्यावर चाक बंद ठेवून हाताने ढकलत काही फेऱ्या माराव्यात आणि कोठे घासल्याचा आवाज येतो का ते ऐकावे. चालू चाक उचलून हवेत फिरवू नये. भार नसल्याने ते क्षणात वेगाच्या टोकाला जाते. संध्याकाळी भिंतीपासून ५ मीटरवर चाकावर उभे राहून, कोणाचा तरी आधार घेऊन, दिव्याचा झोत पाहावा: दिवा जमिनीपासून ५० सेंटिमीटरवर असेल तर झोताची वरची कड भिंतीवर ४० सेंटिमीटरवर यावी, म्हणजे तो २५ मीटरवर रस्त्याला टेकतो. पहिली फेरी उजेडात, संथ वेगाने आणि घराजवळच मारावी, आणि परत आल्याबरोबर कन्व्हर्टर, फ्यूजची बैठक आणि प्रत्येक जोड यांना हात लावून पाहावे. हात ठेववत नाही इतके काही तापले असेल, तर कारण सापडेपर्यंत कनेक्टर काढून ठेवावा. कंपनाने पट्ट्या आणि स्क्रू सैल पडतात ते मुख्यतः सुरुवातीच्या दिवसांत, त्यामुळे पहिल्या आठवड्यात हीच पाहणी प्रत्येक फेरीनंतर आणि पुढे पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा करावी. त्या वेळी दिव्याच्या काचेच्या आत बाष्प धरले असेल, तर पाणी आत शिरलेली जागा शोधून, दिवा पूर्ण सुकवून, मगच ती पुन्हा बंद करावी.